पंचेचाळिशीनंतरचे प्रभावळकर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून मला विषय दिला, ‘करिअर’. तू पुण्यात आयटीत आहेस, पोरांना दोन शब्द सांग, म्हणाले. आता मी माझ्या करिअरवर बोलायला लागले तर पाचव्या मिनिटाला अर्धा मंडप चहाला उठेल. वीस-बावीस वर्षं मी संगणकासमोर बसून प्रोग्राम लिहिते आणि दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. त्यात सांगण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून मी ठरवलं की करिअरवरच बोलायचं, पण दुसऱ्या कोणाच्या तरी. असा माणूस घ्यायचा की जो आपल्या १९९६ च्या बॅचमधल्या प्रत्येकाला माहीत आहे, शेतात असलेल्याला, एसटीत असलेल्याला, जिल्हा परिषद शाळेत शिकवणारीला आणि अमेरिकेतून व्हिडिओवर आत्ता हे ऐकणाऱ्यालाही.

तो माणूस म्हणजे दिलीप प्रभावळकर.

मागे काही जण हसले. आपल्या ग्रुपवर मागच्या महिन्यात कोणीतरी तात्या विंचूचा व्हिडिओ टाकला होता आणि त्यावर दोन दिवस वाद चालला, तो आठवला असेल. एक जण म्हणाला होता, चांगला नट, पण जन्मभर कॉमेडीत वाया गेला. मी तेव्हा काही लिहिलं नाही. मोबाइलवर बोटानं इतकं लिहिणं जमत नाही. आज माइक हातात आहे तर त्याचं उत्तर देते.

आपण सातवीत होतो तेव्हा ‘झपाटलेला’ आला, १९९३ साली. टॉकीजला जाऊन किती जणांनी पाहिला माहीत नाही. मी तर तो भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला, अख्खी गल्ली एका खोलीत कोंबलेली, आणि मधेच लाइन गेली तेव्हा झालेला आरडाओरडा अजून कानात आहे. त्यानंतर कितीतरी दिवस घरातल्या कोणत्याही बाहुलीकडे पाठ करून झोपायची माझी हिंमत झाली नाही. महेश कोठारे यांचा तो चित्रपट, लक्ष्मीकांत बेर्डे त्यातला बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा लक्ष्या. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या घराण्याचा अर्धवटराव आपल्या आईवडिलांनाही माहीत होता. आणि त्या बाहुल्यात शिरणारा गुंड म्हणजे प्रभावळकर.

आता जरा हिशेब करा. त्या चित्रपटात प्रभावळकर स्वतः देहानं किती वेळ दिसतात? सुरुवातीचा थोडा भाग. मग गोळी लागते, मंत्र म्हटला जातो, आणि तिथून पुढं पडद्यावर बाहुला असतो. उरतो तो आवाज. चिरका, घशात अडकलेला, खुनशी, पण कुठंतरी लहान पोरासारखा हट्टी. एवढ्या भांडवलावर त्या माणसानं महाराष्ट्रातल्या एका पिढीची झोप उडवली. आपल्या शाळेच्या मधल्या सुट्टीत तो आवाज काढता येणारी पोट्टी किती होती, आठवा. त्यांतली दोन तर आज इथंच बसली आहेत, एकाच्या डोक्यावर केस नाहीत, एकाच्या खांद्यावर नातू आहे.

पण त्या वयात मला नटाचं नाव माहीत नव्हतं. तात्या विंचू माहीत होता. आणि त्याच्या आधी दूरदर्शनवर ‘चौकट राजा’ पाहून आमच्या घरात सगळ्या बायका पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या, तो नंदूही माहीत होता. हे दोघं एकच आहेत हे मला अकरावीत वर्ध्याला गेल्यावर एका मैत्रिणीकडून कळलं. मी मानायला तयार नव्हते. तिनं वर्तमानपत्रातला फोटो दाखवला तेव्हाही त्या चष्मेवाल्या, शांत, बँकेतल्या साहेबासारख्या दिसणाऱ्या माणसात मला दोघांपैकी एकही सापडला नाही.

मला वाटतं या माणसाच्या करिअरबद्दल बोलायचं तर इथूनच बोलायला हवं. कामं आधी माहीत होतात आणि माणूस मागून कळतो. आपल्याकडं बहुतेक नटांचं उलटं असतं. आधी त्यांचा चेहरा, चालण्याची ढब, ठरलेली वाक्यं, आणि भूमिका त्यावर शर्टासारखी चढवायची. त्यातही मोठे लोक झाले आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण प्रभावळकरांना ठरलेला चेहराच नाही.

‘चौकट राजा’ १९९१ चा. दिग्दर्शक संजय सूरकर, निर्मात्या स्मिता तळवलकर. नंदू म्हणजे लहानपणी अपघात झाल्यामुळं बुद्धीची वाढ खुंटलेला मोठा माणूस, आणि त्याची आई सुलभा देशपांडे. ही भूमिका आधी परेश रावल करणार होते. ऐनवेळी ते येऊ शकले नाहीत आणि दुसऱ्या भूमिकेसाठी घेतलेल्या प्रभावळकरांकडे नंदू आला. म्हणजे ज्या कामामुळं लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते काम त्यांच्या नावावर लिहिलेलंच नव्हतं. तयारीला वेळ नाही, आणि भूमिका अशी की एक इंच इकडं गेली तर चेष्टा, एक इंच तिकडं गेली तर भीक मागितल्यासारखी दया. तुम्ही पुन्हा पाहाल तर हातांकडे पाहा. नंदूचे हात कायम काहीतरी शोधत असतात, बोटं एकमेकांत अडकतात, आणि ओळखीचं माणूस दिसलं की आधी हात उठतात, मग तोंडावर हसू येतं. आमच्या शेजारी असा एक मुलगा होता. त्याची आई तो सिनेमा पाहायला आमच्याकडे आली होती, आणि सिनेमा संपल्यावर फक्त एवढंच म्हणाली, असाच करते तो. त्या बाईच्या शब्दापुढं कोणत्याही समीक्षकाचं मत मला मोठं वाटत नाही.

आता मागच्या बाकांवरच्या मुलांसाठी थोडी माहिती. प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. मुंबईकर माणूस. विज्ञान शिकलेला, पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, औषधांच्या कंपनीत नोकरी केलेला. नाटक चालू होतं ते नोकरी सांभाळून, संध्याकाळचं आणि सुट्टीचं. प्रायोगिक रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचं नाटक, रत्नाकर मतकरींची बालनाट्यं. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण प्रभावळकरांनी केली. पुरुषानं चेटकीण करायची आणि समोर बसलेली शे-दोनशे पोरं घाबरली पाहिजेत, पण रडायला लागून घरी जायचा हट्ट करता कामा नये. मला वाटतं तात्या विंचूचं सगळं मूळ त्या चेटकिणीत आहे. मुलांना भीती किती आणि कशी द्यायची हे माप त्यांनी तिथंच घेतलं असणार.

मग सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींच्या कथांवरची चिमणरावाची मालिका. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आपल्यापैकी कोणी ती पाहिलेली नाही, आपण जन्मलो नव्हतो किंवा पाळण्यात होतो. आणि रोहण्यात तेव्हा टीव्ही होता किती जणांकडे? पण समोर बसलेल्या सरांनी त्या काळात मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे जाऊन पाहिली असेल. चिमणराव म्हणून लोक त्यांना रस्त्यात हाक मारायला लागले. १९७९ मध्ये चित्रपटही आला. त्यानंतर १९८२ चा ‘एक डाव भुताचा’. त्यात अशोक सराफ भूत आणि प्रभावळकर ज्याच्या मागं भूत लागतं तो बिचारा मास्तर. शिक्षकांचा असा छळ पडद्यावर पाहायला आपल्याला फार आवडायचं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आता मी इंजिनिअर असल्यामुळं माझा एक आकडा ऐका. आपण आज पंचेचाळीस वर्षांचे आहोत. कोणी चव्वेचाळीस, कोणी सेहेचाळीस. प्रभावळकर पंचेचाळीस वर्षांचे झाले ते १९८९ साली. त्या दिवशी त्यांच्या खात्यात काय होतं? चेटकीण, चिमणराव, भुतानं छळलेला मास्तर, बरीच नाटकं. चांगला, गुणी, विनोदी नट अशी ओळख. नंदू नव्हता. तात्या विंचू नव्हता. ‘हसवाफसवी’ गाजायचं होतं. टिपरे आबा बारा वर्षं लांब होते आणि गांधी सतरा वर्षं. म्हणजे आपण सगळे ज्या प्रभावळकरांना ओळखतो ते जवळजवळ सगळे पंचेचाळिशीनंतरचे आहेत.

हा आकडा मी मुद्दाम काढला, कारण माझ्या क्षेत्रात सध्या या वयाला काय म्हणतात ते मला रोज ऐकू येतं. मागच्या वर्षी माझ्या ओळखीच्या तिघांना त्यांच्या कंपनीनं एका सकाळी मेल पाठवून घरी बसवलं. तिघंही चाळिशी ओलांडलेले. त्यांच्यातला एक मला म्हणाला, आता नवीन काय करणार, जे व्हायचं ते होऊन गेलं. आणि हे फक्त आयटीचं नाही. काल रात्री आपण पाराजवळ बसलो होतो तेव्हा कापूस पिकवणाऱ्या आपल्या मित्रानंही जवळजवळ हेच वाक्य वऱ्हाडीत म्हटलं. तो शाळेच्या गॅदरिंगला शिवाजी महाराज व्हायचा, आणि त्याचा आवाज माइकशिवाय त्या विहिरीपर्यंत जायचा. मी त्याला काही उत्तर दिलं नाही. आता देते आहे, पण त्याच्याकडे न बघता.

‘हसवाफसवी’ हे नाटक प्रभावळकरांनी स्वतः लिहिलं आणि त्यात स्वतः सहा भूमिका केल्या, त्यांत बाईचीही एक. एक पात्र आत जातं आणि थोड्या वेळात दुसऱ्याच वयाचं, दुसऱ्याच आवाजाचं पात्र बाहेर येतं. शेवटी येतात ते कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकाच्या काळातले थकलेले गायक नट. तोवर हसून हसून पोट दुखलेलं प्रेक्षागृह तिथं गप्प होतं. मी हे नाटक रंगमंचावर पाहिलेलं नाही, रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं आहे. तरीही मला ते कळलं, कारण आपल्याकडंही असे म्हातारे होते. दंडारीत, भजनी मंडळात एकेकाळी गाव गाजवलेले, आणि मग ओट्यावर बसून पोरांना जुन्या गोष्टी सांगणारे. पोरं ऐकायची नाहीत.

लेखक प्रभावळकर हा वेगळाच विषय आहे आणि मी तो भरभर उरकते. मुलांसाठी त्यांनी बोक्या सातबंडे लिहिला, त्यावर चित्रपटही निघाला. वर्तमानपत्रातलं त्यांचं ‘अनुदिनी’ नावाचं सदर पुस्तक झालं, आणि त्या पुस्तकातून आली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’.

२००१ साली ही मालिका तेव्हाच्या अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली. केदार शिंदे दिग्दर्शक. त्या वर्षी मी इंजिनिअरिंगच्या शेवटाकडे होते, आणि मालिका संपली तेव्हा पुण्यात चार मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहून नोकरी करत होते. घरची आठवण सगळ्यांनाच यायची, पण रडायचं कोणी नाही असा अलिखित नियम होता. टिपरे लागले की मात्र सगळ्या जमिनीवर बसायच्या. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. घरात भांडणं व्हायची ती सिलिंडर, परीक्षा, पाहुणे, टीव्हीचा रिमोट यांवरून. त्या काळात हिंदी मालिकांमध्ये सुना दागिने घालून झोपत होत्या आणि एका थोबाडीत कॅमेरा तीन वेळा फिरत होता. इकडं एक म्हातारा भागाच्या शेवटी वही उघडून दिवसभराचं लिहून काढत होता, आणि आठवड्यातून एकदाच येणाऱ्या त्या भागाची लोक वाट पाहत होते.

आबा टिपरे करताना प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते आणि आबा त्यांच्याहून बरेच मोठे. आबांचं म्हातारपण त्यांनी कुठंही गोड केलं नाही. आबा लुडबुड करतात, रुसतात, कधी स्वार्थी होतात, सुनेवर अवलंबून राहावं लागतं याची त्यांना लाज वाटते आणि ती लाज ते विनोदानं झाकतात. माझे आजोबा तेव्हा रोहण्यात होते. मालिका पाहायला लागल्यापासून मी त्यांना दर रविवारी एसटीडीवरून फोन करायला लागले. ते फोनवर फक्त पावसाचं सांगायचे. एवढा सगळा खटाटोप करून पावसाचा रिपोर्ट, पण ते ऐकायला मी रांगेत उभी राहायचे.

एक गोष्ट टिपऱ्यांबद्दल बोलताना जाणवते ती सांगते. ते घर मुंबईतलं होतं, भाषा तिकडची. आपली भाषा तेव्हा मराठी टीव्हीवर आली तर नोकराच्या किंवा बावळट पाहुण्याच्या तोंडी. पुढं भारत गणेशपुरेंनी विनोदी कार्यक्रमांतून वऱ्हाडी बोली घराघरांत नेली आणि पुण्यातल्या माझ्या ऑफिसातले लोकही मला वऱ्हाडी बोलून दाखव म्हणून मागं लागले. याचा आनंद झाला आणि थोडा रागही आला, कारण त्यांना ती हसायलाच हवी होती. वऱ्हाडी बोलणारे टिपरे आबा अजून कोणी लिहिलेले नाहीत. इथं बसलेल्या मराठीच्या मॅडमना मी हे ऐकवते आहे, त्यांच्या हातात नववीची मुलं आहेत.

आणि मजा अशी की टिपरे चालू असताना, २००२ मध्ये, ‘एन्काउंटर: द किलिंग’ नावाचा हिंदी चित्रपट आला. नसीरुद्दीन शाह त्यात पोलीस अधिकारी. प्रभावळकर त्यात पुनप्पा नावाचा म्हातारा गुन्हेगार. ज्या माणसाला आपण आठवड्याला आबा म्हणून घरात घेत होतो, तोच माणूस इथं असा किळसवाणा की त्याच्या शेजारी बसायची इच्छा होऊ नये. त्याआधी १९९९ च्या ‘रात्र आरंभ’ मध्येही त्यांनी मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला माणूस केला होता. हे चित्रपट फार लोकांनी पाहिले नाहीत. कॉमेडीत वाया गेला म्हणणाऱ्या मित्रानं ते पाहावेत अशी माझी विनंती आहे. रात्री एकट्यानं.

आता गांधी. वर्धा जिल्ह्यात बसून प्रभावळकरांवर बोलायचं आणि गांधींना दोन मिनिटं द्यायची, हे चालणार नाही.

आपली सेवाग्रामची सहल आठवते? गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, तेव्हा ते शेगाव होतं. आपण लाइनीनं बापू कुटीत शिरलो होतो. मातीच्या भिंती, बुटकं छप्पर, जमिनीवरची बैठक, आणि आपल्या सगळ्यांचं लक्ष कशाकडं, तर साप पकडायच्या चिमट्याकडं. कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्यांनाच रागावून घ्यावं लागलं. इथं बोलायचं नाही, इथं हसायचं नाही. मला वाटतं वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराचे गांधी असेच आहेत. वर्गातल्या भिंतीवरची तसबीर, दोन ऑक्टोबरची सफाई, आणि गप्प बसायची जागा. बाकी महाराष्ट्रापेक्षा आपल्याला ते जवळचे, आणि म्हणूनच जास्त लांबचे.

२००६ च्या सप्टेंबरमध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. राजकुमार हिरानी दिग्दर्शक. रेडिओवरच्या मुलीवर भाळलेला मुंबईचा भाई गांधींवरची प्रश्नमंजूषा जिंकतो, मग प्राध्यापक असल्याची थाप मारतो, आणि ती थाप निभवायला ग्रंथालयात बसून दिवसरात्र, न झोपता गांधी वाचतो. आणि तिथं, पुस्तकांच्या रांगांमधून, काठी टेकत एक म्हातारा येतो.

त्याआधी पडद्यावर गांधी कमी नव्हते. रिचर्ड अ‍ॅटनबरोंच्या १९८२ च्या चित्रपटातले बेन किंग्जली, ज्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या. श्याम बेनेगलांच्या चित्रपटातले रजित कपूर. सरदार पटेलांवरच्या चित्रपटात अन्नू कपूर. ‘हे राम’मध्ये नसीरुद्दीन शाह. हे सगळे इतिहासातले गांधी होते. त्यांच्याभोवती काँग्रेस होती, इंग्रज होते, दांडी होती. प्रभावळकरांच्या वाट्याला यांतलं काहीच आलं नाही. त्यांचे गांधी एका टपोरी माणसाच्या डोक्यात राहतात, दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत, आणि कॉमेडी सिनेमात आहेत. थोडं जास्त झालं तर गांधींची टिंगल, आणि थोडं कमी झालं तर पुन्हा तीच तसबीर.

त्यांनी काय केलं? ते हसले. पूर्ण चित्रपटभर त्यांच्या गांधींच्या डोळ्यांत एक मिस्कील हसू आहे, नातवानं थाप मारली हे कळूनही त्याला ती पूर्ण मारू देणाऱ्या आजोबाचं. उपदेश ते करतच नाहीत, किंवा करतात तेव्हा इतक्या हलक्या आवाजात की मुन्नाला पुढं वाकून ऐकावं लागतं. खरे गांधी असेच होते म्हणतात. विनोदबुद्धी नसती तर आपण केव्हाच जीव दिला असता, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. पण आपल्याला सेवाग्रामला हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या सिनेमात एक जागा अशी आहे की जी मला धंद्यामुळं फार भावते. पत्रकारांसमोर मुन्नाला असे प्रश्न विचारले जातात ज्यांची उत्तरं त्याला माहीत नाहीत, आणि शेजारी उभे असलेले गांधीही उत्तर देत नाहीत. कारण ते मुन्नाच्या डोक्यातून आलेले आहेत. मुन्नानं जेवढं वाचलं तेवढंच त्यांना येतं. आज आपण सगळे मोबाइलमधल्या एआयला प्रश्न विचारतो आणि तो जे सांगेल ते खरं मानतो. माझं रोजचं काम आता त्याच्याशीच आहे, आणि मी नवीन मुलांना समजावताना हाच प्रसंग सांगते. ज्याला जेवढं वाचायला दिलं तेवढंच तो जाणतो. पण त्या प्रसंगात प्रभावळकरांचा चेहरा पाहा. उत्तर येत नाही म्हणून त्यांचे गांधी ओशाळत नाहीत. ते मुन्नाकडं काळजीनं बघतात. म्हणजे नटानं ठरवलं की हे गांधी भास असले तरी त्यांची माया खरी आहे. हे कोणत्याही संवादात लिहिलेलं नाही.

या भूमिकेसाठी त्यांना २००६ चा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वयाच्या बासष्टाव्या वर्षाच्या कामासाठी. गमतीची गोष्ट म्हणजे पुढच्या वर्षाचा तोच पुरस्कार दर्शन जरीवाला यांना मिळाला, तोही गांधींच्याच भूमिकेसाठी, ‘गांधी, माय फादर’मध्ये. त्या दोन कामांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. जरीवालांचे गांधी मुलाला हरवून बसलेले बाप आहेत. वेळ मिळाला तर एकापाठोपाठ एक पाहा.

दुसरा एखादा नट असता तर गांधींनंतर जपून राहिला असता. उद्घाटनं, सत्कार, दोन ऑक्टोबरची भाषणं. प्रभावळकरांनी दोन वर्षांनी राम गोपाल वर्मांच्या ‘सरकार राज’मध्ये रावसाहेब केले. पुन्हा पांढरे कपडे, पुन्हा हळू आवाज, पुन्हा सगळ्यांचा आदर मिळवणारा म्हातारा, आणि आत काय आहे ते शेवटी कळतं. सगळ्या देशाला ओळखीचा झालेला तो सज्जन चेहरा त्यांनी सरळ दगाबाजीला वापरला. मला हे धाडस वाटतं.

आता मित्राच्या मुद्द्याकडे येते. त्यांनी वाईट चित्रपट केले का? केले. मराठीत दीर्घकाळ काम करणाऱ्या कोणत्याही नटाच्या यादीत असतात तसे त्यांच्याही यादीत आहेत, आणि काहींमध्ये ते एकटेच पाहण्यासारखे आहेत. २०१३ चा ‘झपाटलेला २’ मी मुलाला थ्रीडी चष्मा लावून दाखवला. तो घाबरला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं. ते कधी हीरो झाले नाहीत हेही खरं. पोस्टरवर मधोमध त्यांचा चेहरा फार उशिरा आला. डॉ. श्रीराम लागू किंवा निळू फुले यांची नावं घेताना लोक जसा आवाज बदलतात तसा प्रभावळकरांचं नाव घेताना बदलत नाहीत, कारण त्यांचं नाव घेताना आधी हसू येतं. पण हसू येतं म्हणून काम हलकं, हा हिशेब कोणी केला? तात्या विंचूला बाहुल्यात जिवंत ठेवणं हे राजा रंगवण्यापेक्षा सोपं आहे असं ज्याला वाटतं त्यानं आज दुपारच्या कार्यक्रमात तो आवाज दोन मिनिटं काढून दाखवावा. घसा बसला तर आपल्या बॅचच्या डॉक्टर मॅडम आहेतच.

२०१३ चाच ‘नारबाची वाडी’. एका म्हाताऱ्याच्या बागेवर जमीनदाराचा डोळा असतो. म्हातारा आज मरेल, उद्या मरेल म्हणून सगळे वाट पाहतात आणि नारबा काही मरत नाही. मूळ कथा बंगालीतली, पण जमीन आणि म्हातारा हे दोन शब्द आले की ती रोहण्यात घडली असं म्हटलं तरी चालेल. आपल्यापैकी किती जणांच्या घरात सातबारा आणि आजोबा यांच्याबद्दल एकाच दमात बोललं जातं, ते मी विचारत नाही.

आणि मग, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, ‘दशावतार’. पुण्यात मी तो भरलेल्या थिएटरात पाहिला. दशावतार म्हणजे तळकोकणातला, जत्रेत रात्रभर चालणारा खेळ. संवाद लिहून दिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या बोलतात, बायकांची कामं पुरुष करतात. आपल्या दंडारीचा लांबचा भाऊ म्हणा. प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री आहेत, आयुष्यभर दशावतार केलेला म्हातारा, डोळे अधू झालेले, आता काम थांबवा असं घरच्यांचं म्हणणं, आणि हा थांबत नाही. पुढची कथा सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही ते मला मारतील. एवढंच सांगते की तो माणूस त्यात धावतो, पाण्यात उतरतो, जंगलात फिरतो, अवतारामागून अवतार घेतो. तेव्हा एक्याऐंशी वर्षं वय.

थिएटरात माझ्या पुढच्या रांगेत वीस-बावीस वर्षांची मुलं होती. मध्यंतरात त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, अरे, हे तात्या विंचू आहेत. दुसरा म्हणाला, नाही, गांधी. तिसरी मुलगी म्हणाली, आमच्या आजीकडे टिपरे बघायचो ते. तिघंही मोबाइल काढून खात्री करायला लागले. मी त्यांना काही सांगितलं नाही. मी पडद्यावर संपलेल्या शेवटच्या दृश्यातल्या हातांचा विचार करत होते. बाबुली रंग लावताना आरशात बघत नाही, त्याला नीट दिसतच नाही. तो बोटांनी चेहरा चाचपतो आणि बरोबर जागेवर रंग लावतो.

आपले शिवाजी महाराज मागून हात दाखवत आहेत की पंगत लागली आहे. आवाज अजून माइकशिवाय पोचतो. मी थांबते.